हॉल भाड्याने द्या, विश्वास नको: पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
पुणे शहरातले ज्येष्ठ नागरिक संघ

सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट. कर्वेनगरच्या एका गल्लीत ३२ वर्षं मेडिकल चालवलं, दोन वर्षांपूर्वी शटर ओढलं आणि रीतसर वर्गणी भरून आपल्यासारख्याच एका संघाची सभासद झाले. कोणत्या संघाची ते लिहीत नाही. घडलं ते एका संघात, पण कोथरूडपासून बिबवेवाडीपर्यंतच्या मैत्रिणींना विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर एकच: "आमच्याकडे तर दोनदा झालं."

कोजागरीच्या आदल्या आठवड्यात फळ्यावर सूचना लागली. 'हाडांची मोफत तपासणी. फक्त सभासदांसाठी. चहा-बिस्किटांची सोय आहे.' टाय लावलेले दोन तरुण आले. टेबलावर एक छोटं मशीन, त्यात टाच ठेवायची, थोड्या वेळात कागद हातात. बेचाळीस जणांची तपासणी झाली. मी मागच्या खुर्चीवर बसून मोजत होते. एकाचाही कागद हिरव्या पट्ट्यात आला नाही. आमच्यात रोज पर्वती चढून येणारे ७१ वर्षांचे एक काका आहेत, त्यांची हाडंसुद्धा 'धोक्याच्या उंबरठ्यावर' निघाली. मग स्टेजच्या पडद्यामागून खोकी बाहेर आली. तीन महिन्यांचा कोर्स, छापील किंमत ७,२०० रुपये, 'आपल्या संघासाठी' ४,५००. सत्तावीस डबे गेले. जाताना त्या मुलांनी संघाच्या निधीसाठी एक पाकीट दिलं आणि टाळ्या झाल्या.

त्या मशीनबद्दल आधी सांगते. ते अल्ट्रासाउंडचं यंत्र असतं आणि ते खोटं नसतं. पण हाडं ठिसूळ झाल्याचं निदान त्यावरून करत नाहीत. त्यासाठी मणका आणि खुबा यांची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारा खास एक्स-रे, लागते. तिथला टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. टी-स्कोअर म्हणजे तुमच्या हाडाची तरुण माणसाच्या हाडाशी केलेली तुलना. सत्तरीतल्या बाईला तिशीतल्या मुलीशेजारी उभं करून 'तुम्ही कमी भरलात' म्हणायला मशीन कशाला हवं? आकडा बहुतेक वेळा उणे येणारच, आणि तो येणार हे डबे आणणाऱ्यांना आधीपासून माहीत असतं.

आमच्या इमारतीतल्या काकूंनी डबा घेतला. वय ७४, आठ वर्षांपूर्वी हृदयातली झडप बदललेली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी चालू. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तपासतात, तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. डबा सुरू केल्यावरच्या पहिल्याच तपासणीत तो १.६ आला. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? नाही. पालेभाजी एकदम वाढवली का? नाही. काकू स्वभावाने काटेकोर, गोळ्यांच्या डबीवर वार लिहून ठेवणाऱ्या. 'औषध' म्हणून विचारल्यावर त्यांनी सगळी औषधं सांगितली. डबा सांगितला नाही, कारण तो औषध नव्हता, संघातून आणलेला होता.

मी तो डबा भिंग घेऊन वाचला. कॅल्शियम, डी, मॅग्नेशियम, झिंक आणि शेवटच्या ओळीत मेनाक्विनोन-७. हे के जीवनसत्त्वाचं एक रूप, के-२. हल्ली कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत ते घालतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या ज्या जुन्या गोळ्या आहेत, वॉरफरिन आणि असिनोकुमारोल, त्या के जीवनसत्त्वाचं काम अडवूनच चालतात. म्हणजे काकू संध्याकाळी एका गोळीने दार लावत होत्या आणि सकाळी दुसरीने उघडत होत्या. कृत्रिम झडपेवर गुठळी धरली तर काय होतं ते लिहून कुणाला घाबरवत नाही. वेळेत कळलं, डबा बंद झाला, आकडा जागेवर आला. डबा विकताना त्या मुलाने काकूंना एकच प्रश्न विचारला होता: "रोख की यूपीआय?"

आता स्वतःबद्दलही सांगायला हवं. असे डबे मीही विकले आहेत. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधावर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मिळतात. ताकदीच्या पावडरीवर, सांध्यांच्या गोळ्यांवर त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज सुटायचे, वर दहावर दोन फुकट अशी स्कीम. म्हणून हे डबे काउंटरच्या अगदी समोर, नजरेच्या उंचीवर लागतात आणि बीपीची गोळी मागच्या खणात असते. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, काहीतरी ताकदीचं द्या," आणि मी द्यायची. पण निदान विचारायची तरी, शुगर आहे का, थायरॉइड आहे का. माझ्या दुकानात माझ्या डोक्यावर परवाना टांगलेला होता. तुमच्या हॉलमध्ये विकणाऱ्याच्या डोक्यावर संघाचा फलक असतो. लोकांचा विश्वास त्या फलकावर बसतो, त्या मुलांना कोण ओळखतं?

मेडिकलच्या एकाच फळीवर तीन वेगवेगळ्या कायद्यांची माणसं शेजारी बसलेली असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एक, औषध: त्यावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. दुसरं, आयुर्वेदिक औषध: त्यावर तसं लिहिलेलं असतं आणि परवाना वेगळा. तिसरं, हेल्थ सप्लिमेंट: ते कायद्याने अन्न आहे, त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो. गोळीचा आकार, रंग, स्ट्रिप, सगळं सारखं. पण नव्या औषधाला बाजारात यायच्या आधी ते रुग्णांवर काम करतं हे दाखवावं लागतं. सप्लिमेंटला तशी परीक्षा नाही. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द, रोजचं प्रमाण, ते ओलांडू नये ही सूचना आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' हे वाक्य छापायला लावलं. आमच्या हॉलमध्ये ज्या डब्याने गुडघेदुखी आणि 'सुरुवातीची शुगर' दोन्ही जाणार होतं, त्याच्या पाठीवर हेच वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ते सगळ्यांवरच असतं." अगदी खरं बोलला तो!

चौदा आकडी क्रमांक 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर टाकला की परवाना कुणाच्या नावाने आहे आणि चालू आहे की संपला ते दिसतं. नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम. पण परवाना खरा निघाला म्हणजे डबा गुणकारी ठरला, असं नाही. तेवढ्यावरून फक्त बनवणाऱ्याचा पत्ता कळतो. आत लिहिलं तेच आहे का, हा प्रश्न उरतोच. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी आपल्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून निष्कर्ष छापले. जवळजवळ ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा होता, काहींत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं. म्हणून कंपनीकडे त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली असावी आणि अहवालातला बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. अहवाल नाही म्हणाले तर चहा पाजून निरोप द्यावा. 'अमेरिकेच्या एफडीएची मान्यता' असं कुणी म्हणालं तर चहाही नको. अमेरिकेतली ती अन्न-औषध नियंत्रण संस्था सप्लिमेंटला विक्रीआधी मंजुरी देतच नाही.

मग काहीच घेऊ नये का? असं मी म्हटलं तर पुण्यात बसून पुण्याचंच काम नाकारल्यासारखं होईल. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या वरण-भात-भाजी-पोळी खाणारी माणसं, आणि हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. दुधातून थोडं मिळतं, पण अर्धा कप चहातल्या दुधाने काय होणार? त्यात शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा पित्ताची गोळी रोज रिकाम्या पोटी जात असेल, तर आहे तेही नीट शोषलं जात नाही. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, हे सगळं आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो. त्या अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. एकच जीवनसत्त्व वाढवलं आणि शेजारचं विसरलो, तर बिघडू शकतं.

तेव्हा बी-१२ तपासा आणि कमी असेल तर बिनदिक्कत घ्या. साधी, स्वस्त सायनोकोबालामिनची गोळीही चालते. फक्त स्ट्रिप वाचा. 'बी-ट्वेल्व्हची गोळी' म्हणून माझ्याकडे निम्मे लोक जी स्ट्रिप दाखवायचे, तिच्यात मिथाइलकोबालामिनच्या (हे बी-१२चंच एक रूप) जोडीला प्रिगॅबालिन असायचं. प्रिगॅबालिन म्हणजे नसांच्या दुखण्याचं औषध, झोप आणि गरगर आणणारं. डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी दिलेलं, घेणारे चार वर्षं जीवनसत्त्व समजून घेताहेत, आणि पहाटे बाथरूममध्ये पडताहेत.

डीचंही तसंच. कमी असेल तर घ्यावंच. पण साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, तेही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, हे मी पाकिटावर लाल पेनने लिहून द्यायची, त्याला कारण आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाने ते रोज एक असं महिनाभर घेतलं. दुधात छान लागतं म्हणाले. उलट्या, बद्धकोष्ठ, रक्तात कॅल्शियम चढलेलं, मूत्रपिंडाला ताण, आठ दिवस दवाखान्यात. ज्याची कमतरता नाही त्याने घेऊन फार काही पदरात पडत नाही, हेही आता पुरेसं कळलंय. अमेरिकेत २५,८७१ लोकांना पाच-एक वर्षं डी किंवा नकली गोळी देऊन पाहिलं, कमतरता आहे की नाही ते न बघता. २०२२ मध्ये निकाल आला: हाडं मोडण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच.

कॅल्शियमबद्दल एक हिशेब सांगते. स्ट्रिपवर १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट. त्यात खरं कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५००. ते जेवणाबरोबर घ्यावं आणि एका वेळी एवढंच पुरे, जास्त घेतलं तर शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी घेत असाल तर मध्ये चार तास जाऊ द्या. सकाळी सहाला थायरॉइडची आणि सातला चहाबरोबर कॅल्शियमची घेऊन 'माझं टीएसएच का उतरत नाही' विचारणाऱ्या किती बायका मी पाहिल्या! आणि १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिळाचा तर भाव आपण संक्रांतीपुरताच धरतो.

सांध्यांच्या गोळ्यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन १,५८३ रुग्णांना देऊन २००६ मध्ये मोठी चाचणी छापली गेली, एकूण निकालात गोळी नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. जास्त दुखणाऱ्या थोड्यांना दोन्ही मिळून फरक वाटला असेल, त्यांना मी अडवणार नाही. पण एक गंमत सांगते. ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. केकमध्ये अंडं आहे का हे तीनदा विचारणाऱ्या आमच्या एक सभासद ते दोन वर्षं नेमाने घेत होत्या, चतुर्थीलासुद्धा. डब्यावरची मांसाहाराची तपकिरी खूण कुणी बघितलीच नाही.

आणि मुलांनी परदेशातून बॅगेत घालून आणलेल्या बाटल्या! हळद सांगलीहून गेली, कॅप्सूल होऊन न्यू जर्सीहून परत आली आणि आता फोडणीच्या हळदीशेजारी ठेवली आहे. पण या दोन्ही एक नव्हेत. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन-चार टक्के. कॅप्सूलमध्ये ९५ टक्क्यांचा अर्क, वर तो जास्त शोषला जावा म्हणून मिऱ्याचा अर्क. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून आल्या आहेत. कोविडच्या दिवसांत घराघरांत काढे झाले, तेव्हा गुळवेलीनंतर यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. मी काही आयुर्वेदाच्या विरोधात नाही, वैद्यांकडे जाते. वैद्य नाडी बघतात, काय चालू आहे ते विचारतात, किती दिवस घ्यायचं ते सांगतात. हॉलमधला डबा यातलं काहीच करत नाही.

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त द्यायच्या आधी लॅबमध्ये सांगावं, थायरॉइडचे आकडे आणि हृदयविकाराची ट्रोपोनिन तपासणी त्याने चुकू शकते. 'अँटिऑक्सिडंट आहे, बरंच आहे' म्हणून वर्षानुवर्षं ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या कॅप्सूल घेणाऱ्या काकांसाठी: ४०० युनिट रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला, ३५,००० हून अधिक पुरुषांच्या चाचणीत, २०११ मध्ये.

आता आपल्याकडे मागणं. ज्या दिवशी हॉलमध्ये तपासणी, त्या दिवशी हॉलमध्ये विक्री नको. एवढा एकच ठराव कार्यकारिणीने केला तरी निम्मी शिबिरं आपोआप बंद पडतील, कारण शिबिरं भरवणारे तपासणीसाठी येतच नव्हते. देणगीचं पाकीट आधी परत करा, मग हॉलचं भाडं घ्या, पावती फाडून. आणि फळ्यावर दुसऱ्याची जाहिरात आपल्या अक्षरात लिहू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम ५३ वाचा: खाद्यपदार्थाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो फक्त कंपनीला नाही. जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यालाही आहे, त्या प्रसिद्धीत सहभागी असणाऱ्यालाही. मी धमकी देत नाही. सचिव बहुतेक ठिकाणी निवृत्त बँकवाले किंवा मास्तर असतात, त्यांना कलम सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. कुणाची फसवणूक झालीच असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. बिल आणि डबा दोन्ही जपून ठेवायला सांगा. आमच्याकडच्या सत्तावीस डब्यांपैकी एकाचंही बिल नव्हतं.

शिबिराऐवजी पिशवीचा दिवस ठेवा. प्रत्येकाने घरातल्या सगळ्या गोळ्या, डबे, बाटल्या, चूर्णं, एका पिशवीत भरून आणायची. डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या, नसलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. समोर एक फार्मासिस्ट बसेल, एकेक वाचून कागदावर मांडेल: हे आणि हे एकच आहे, दोन नावांनी घेताय. हे त्याच्याबरोबर नको. हे संपलं फेब्रुवारीत. बंद काहीच करायला सांगणार नाही, तो कागद घेऊन आपापल्या डॉक्टरांकडे जायचं. आमच्या संघात गेल्या महिन्यात केला. एकोणीस पिशव्या आल्या, दुपारी चारला बसले ती साडेसातला उठले. एका आजोबांकडे तीन वेगवेगळ्या नावांची कॅल्शियमची गोळी निघाली, तिन्ही चालू. एक हाडांच्या डॉक्टरांची, एक फॅमिली डॉक्टरांची, एक संघाची.

मी कोणत्याही संघात यायला तयार आहे. मानधन नको, शाल-नारळ तर मुळीच नको. टेबलाजवळ ट्यूबलाइट चांगली हवी, हल्ली अक्षरं फारच बारीक छापतात.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सभासद

ता. क. पिशवी भरताना फ्रिजच्या दारातलं आणि देव्हाऱ्याशेजारचं विसरू नका. आणि कमी सोडियमचं मीठ वापरत असाल तर त्याची पुडीही आणा. त्यात पोटॅशियम असतं, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी, पोटॅशियम वाढवू शकणारी गोळी चालू असेल तर मला ते बघायचं आहे.